हास्केदेची तालीम

हास्केदेचं नाव त्याच्या बापाने ठेवलं होतं, आणि ते साफ चुकलं होतं. डोंगरात राहणाऱ्या न्दे लोकांच्या बोलीत त्या नावात राग आहे, अंगावर धावून जाणं आहे. बाप नुकताच दक्षिणेकडच्या स्वारीवरून आला होता, अंगातली धग अजून उतरली नव्हती. आपलं पोर शत्रूला कापरं भरवील असं त्याच्या मनात असणार. पोर निघालं हसरं. पाठीवरच्या पाळण्यात बांधलेलं असताना ते पाइनच्या हलत्या फांदीला हसायचं, कुत्र्याच्या शिंकेला हसायचं, आजीच्या घोरण्याला हसायचं. पायात काटा रुतला तर आधी ओरडायचं आणि मग आपल्याच ओरडण्याला हसायचं. आई म्हणायची, "या मेल्याला रागवायला जावं तर मलाच हसू फुटतं. कसं वळण लावायचं याला?"

बाप पुढे एका स्वारीतून परतला नाही. त्याचं सामान जाळलं, झोपडी जाळली, आणि मेलेल्याचं नाव तोंडी घ्यायचं नसतं म्हणून त्याच्याबद्दलचं बोलणंही घरात थांबलं. पोराला वळण लावायचं काम मामाकडे आलं.

मामाचं नाव बेश्कोन. राहायचा पलीकडच्या टेकडीखाली, बायकोच्या माणसांत. उंच, हडकुळा, तोंड जणू काळ्या नदीच्या कड्यातून तासून काढलेलं. त्याला हसताना कोणी पाहिलं नव्हतं. त्याची बायकोच सांगायची, "लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस खेचर हरवल्यासारखा बसला होता." पण दबा धरून बसावं तर बेश्कोनने. उघड्या माळावर हा माणूस डोळ्यांदेखत नाहीसा व्हायचा. त्याच्या हाताखाली तयार झालेली पोरं स्वारीवर गेली की आया निर्धास्त झोपायच्या.

आणि याच बेश्कोनच्या पोटी नोल्गे जन्मला होता. हास्केदेपेक्षा थोडा मोठा, बापासारखंच दगडी तोंड, पण आत सगळा वात्रटपणा. आते-मामे भावंडांनी एकमेकांची थट्टा करायची हा तर रिवाजच. नोल्गेने तो जरा जास्तच मनावर घेतला होता.

तालीम सुरू झाली ती पाण्याच्या घोटाने. सूर्य वर यायच्या आत मामाने पोरांना नदीकाठी उभं केलं, प्रत्येकाच्या तोंडात पाणी भरलं आणि समोरचा डोंगर दाखवला.

"वर जायचं, खाली यायचं. पाणी गिळायचं नाही, थुंकायचं नाही. इथे माझ्या पायाशी ओतायचं. श्वास नाकाने. तोंड उघडून धापा टाकणारा माणूस लवकर दमतो आणि लवकर मरतो. पळा."

पोरं पळाली. अर्ध्या चढावर नोल्गे हास्केदेच्या पुढे गेला आणि मान न वळवता आपल्या आत्याची, म्हणजे हास्केदेच्याच आईची, लाकडाची मोळी घेऊन चालायची चाल करून दाखवू लागला. एक हात कमरेवर, मान वाकडी, मधेच थांबून कुत्र्याला शिवी देण्याचा आविर्भाव. हास्केदेने दात आवळले, डोळे मिटले, आणि मग त्याच्या नाकातून पाण्याच्या दोन धारा निघाल्या.

खाली मामाने विचारलं, "पाणी कुठाय?"

"सांडलं, मामा."

"तोंड उघडलंस?"

"नाही, मामा. नाकातून सांडलं."

मामाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "इतकी वर्षं पोरं पळवतोय. हे पहिल्यांदा ऐकतोय. जा, परत पळ."

तो परत पळाला. त्या उन्हाळ्यात हास्केदे बाकीच्या पोरांच्या दुप्पट पळाला असेल. त्यामुळे झालं असं, की त्याच्या पोटऱ्या झाडाच्या मुळांसारख्या घट्ट झाल्या आणि चढावर त्याला कोणी गाठेना. थंडीत मामा नदीवरचा बर्फ फोडून पोरांना आत उतरवायचा; बाहेर आल्यावर शेकोटीकडे जायचं नाही, नुसतं उभं राहायचं. दोन रांगा करून गोफणीने एकमेकांवर दगड मारायचे आणि चुकवायचे. मग बोथट बाण. बाण सुटायच्या आधी समोरच्याचा खांदा कसा हलतो ते बघायला मामा शिकवायचा. "बाण बघून हललास तर उशीर झाला. माणूस बघ." तुतीचं लाकूड वाकवून धनुष्य करायचं, बोरूला कठीण लाकडाचं टोक बसवून बाण करायचा, कुठल्या दगडावरून चाललं की माग राहत नाही, पांगायची वेळ आली तर परत कुठे भेटायचं हे निघायच्या आधी ठरवायचं. हे सगळं हास्केदे मन लावून शिकला.

लपण्यात तर त्याच्यासारखा कोणी नव्हता. अंगावर माती ओढायची, केसांत गवत खोवायचं, आणि मग आपण आहोत हेच विसरून जायचं. एकदा मामा त्याच्या हातावर पाय देऊन पुढे गेला आणि त्याला कळलं नाही. पण नोल्गे मागून येत होता. त्याने जाता जाता हळूच पादल्याचा आवाज काढला, आणि माळावरचं एक गवताचं झुडूप गदगदा हलायला लागलं.

मामा परत आला. झुडपाला म्हणाला, "तुझ्यासारखा लपणारा मी पाहिला नाही. आणि तुझ्यासारखा सापडणाराही."

त्या संध्याकाळी तो बहिणीकडे आला, भाजलेल्या घायपाताचा तुकडा चघळत बसला आणि म्हणाला, "पोरगं चांगलं आहे. पण हे हसू त्याला मारणार. त्याला आणि त्याच्या शेजारच्याला."

आई टोपली विणत राहिली. आत झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या हास्केदेने हे ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हसण्याची भीती वाटली.

पुरुषांत जमा व्हायचं तर चार स्वाऱ्या उमेदवार म्हणून कराव्या लागतात. उमेदवाराने मोठ्यांसाठी पाणी आणायचं, लाकडं आणायची, जनावरं सांभाळायची. लढाईत पुढे जायचं नाही. गरम अन्न खायचं नाही. पाण्याला ओठ लावायचा नाही, गळ्यात बांधलेल्या बोरूच्या नळीनेच प्यायचं. अंगाला खाज सुटली तर नख लावायचं नाही, त्यासाठी वेगळी काडी. आणि हसायचं नाही. काहीही झालं तरी हसायचं नाही. उमेदवार हसला तर सगळ्या टोळीचं नशीब फिरतं.

मामाने हे नियम सांगितले तेव्हा शेवटच्या नियमाला तो जरा थांबला. "कळलं?"

"कळलं, मामा."

"आई विचारतेय, घरीच राहतोस का."

"नाही, मामा."

पहिल्या तीन स्वाऱ्या त्याने कशा पार पाडल्या ते त्यालाच ठाऊक. गालाचं आतलं मांस चावून चावून सोलून निघालं होतं. बरं एवढंच, की नोल्गेही उमेदवारच होता, त्यालाही तोंड बंद ठेवणं भाग होतं. दोघांनी एकमेकांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पाणी भरायला जाताना एक या झाडाकडे बघत जायचा, दुसरा त्या झाडाकडे. मोठी माणसं म्हणायची, "भांडण झालंय का रे पोरांचं?"

चौथी स्वारी दक्षिणेकडे, नाकाये म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मुलखात. तिथल्या गोठ्यांतली गुरं आणि खेचरं घेऊन टोळी माघारी वळली, तोवर सगळं सुरळीत होतं. पण या वेळी पाठलाग लवकर सुरू झाला. मागे धूळ दिसली. भालेवाले घोडेस्वार. टोळीच्या म्होरक्याने हात केला आणि माणसं पांगली. नोल्गे आणखी काही जणांबरोबर गुरं घेऊन डोंगराच्या घळीकडे गेला. बेश्कोन मागे राहिला. माग पुसायचं काम त्याचं, आणि त्याच्या हाताखाली हास्केदे.

काम झाल्यावर दोघं एका घसरड्या उतारावरून पळत निघाले. मुरूम सुटला, बेश्कोनचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला आणि अंग पुढे गेलं. हाड मोडल्याचा आवाज हास्केदेने ऐकला. गुडघ्याखाली नडगी मोडली होती. मामा ओरडला नाही. फक्त त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"तू जा," तो म्हणाला.

उमेदवाराने मोठ्यांना उलट बोलायचं नसतं. हास्केदेने मामाला काखेत धरून उतार पार केला आणि खालच्या माळावर आणलं. झाड नाही, झुडूप नाही. गुडघाभर वाळकं गवत आणि पावसाच्या पाण्याने कोरलेली एक उथळ चर. त्याने मामाला चरीत निजवलं, गळ्यापर्यंत माती ओढली, गवताच्या मुळासकट जुड्या उपटून त्याच्या डोक्यावर, कपाळावर, कानांमागे खोवल्या. मग हातभर अंतरावर स्वतः पडून तेच केलं. माती सारखी करायला जेमतेम वेळ मिळाला.

स्वार आले. उतारावर माग हरवला म्हणून कुरकुरत होते, दमले होते, आणि पुढे जायच्या ऐवजी तिथेच उतरले. कोणी भाकरी काढली, कोणी चिलीम. सोबत सामानाची खेचरं होती. त्यांतलं एक म्हातारं, एका कानाचं खेचर चरत चरत चरीशी आलं.

हास्केदेला फक्त मामाचा चेहरा दिसत होता, आणि आता खेचराचं तोंड. खेचराने मामाच्या डोक्यावरची गवताची जुडी ओढली आणि खाल्ली. मग कानामागची. मग ते थांबलं. मामाच्या कपाळावर घामाचं मीठ साचलं होतं. खेचराने जीभ काढली आणि मामाला चाटलं, हनुवटीपासून केसांपर्यंत, सावकाश, चव घेत. मामाचे डोळे उघडे होते, समोर रोखलेले. मरणाला घाबरणारे डोळे नव्हते ते. ज्या माणसाला त्याची स्वतःची बायकोसुद्धा चारचौघांत हात लावायला कचरायची, त्या माणसाची भुवई एक खेचर नीट बसवत होतं, आणि तो पापणी हलवू शकत नव्हता.

हास्केदेच्या पोटातून हसू उठलं. आजवर जेवढं दाबलं होतं तेवढं सगळं. ते छातीत आलं, गळ्यात आलं. गालाला आता मांस उरलं नव्हतं. गळ्यातली नळी तोंडाशी आली होती, ती त्याने दातांत धरली. नाकाने श्वास घेतला, नाकाने सोडला. डोंगरावरचा चढ आठवला. अर्धा चढ. पाऊण चढ. खेचर मामाच्या तोंडावर शिंकलं. बोरू दातांखाली कडकन चिरला.

"काय खातंय रे ते?" कोणीतरी ओरडलं, आणि एका माणसाने येऊन खेचराचा दोर ओढला. खेचराला जायचं नव्हतं. त्या माणसाचं सगळं लक्ष त्याच्याशी झटापट करण्यात गेलं. पायाखाली बघायला त्याला सवड झाली नाही. थोड्या वेळाने सगळे घोड्यांवर चढले आणि भलत्याच दिशेने गेले.

धूळ खाली बसली तरी हास्केदे हलला नाही. मग त्याला दिसलं, की मामावरची माती थरथरतेय. त्याचे डोळे मिटलेले आणि गालांवरून पाणी वाहतंय.

"मामा, फार दुखतंय?"

मामाने नाही म्हणून मान हलवली. "त्याने..." त्याला बोलता येईना. "त्याने भुवया चाटल्या रे माझ्या."

आणि बेश्कोन हसला. वाळून कडक झालेली कातडी वाकवावी तसा आवाज निघाला, वापरात नसलेला, जरा घाबरवणारा. मोडक्या पायाने तो कळवळत होता आणि हसत होता.

"मामा, असं करू नका," हास्केदे काकुळतीला आला. "मला बंदी आहे."

"ठाऊक आहे," मामा म्हणाला. "मीच घातलीय." आणि परत सुरू झाला.

घायपाताच्या वाळक्या दांड्यांच्या कामट्या लावून हास्केदेने पाय बांधला. उन्हात सावलीला पडायचं, ऊन उतरलं की मामाला पाठीवर घ्यायचं. मधेच, चढ असो की ओढा, पाठीवर मामाची छाती हलायला लागायची. हास्केदे दगडासारखा चेहरा करून चालत राहायचा. "मामा, पायाकडे लक्ष द्या." "देतोय रे, देतोय. तू पुढे बघ." भेटायच्या ठरलेल्या झऱ्यावर नोल्गे एक खेचर घेऊन थांबला होता. त्याने बाप हसताना पाहिला आणि त्याला वाटलं, बापाच्या डोक्याला मार बसलाय.

घरी बायकांनी जिभा हलवून किलकारी केली. टोळीतल्या जाणत्या म्हाताऱ्याने हास्केदेच्या कपाळाला पाणकणसाचा पिवळा पराग लावला, गळ्यातली चिरलेली नळी सोडवली, उलटसुलट करून पाहिली आणि काही विचारलं नाही. बेश्कोनने सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. खेचराची जीभसुद्धा. माणसं हसून जमिनीवर लोळली. मग सगळे हास्केदेकडे वळले.

"आता हस," मामा म्हणाला. "झालं तुझं. हस."

हास्केदेने प्रयत्न केला. काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी नोल्गेने आपले सगळे खेळ करून दाखवले. तरी नाही. तो खायचा, झोपायचा, विचारलं तेवढं बोलायचा. आई मनातून घाबरली. न जाणो, हसू तिकडेच माळावर राहिलं की काय. शेवटी एका सकाळी ती मका दळत होती, हा समोर तोंड मिटून बसला होता, तेव्हा तिला राहवलं नाही. वैतागून म्हणाली, "अरे बोल की काहीतरी! अजून तोंडात पाणी धरून बसलायस का?"

हास्केदेने आईकडे पाहिलं. त्याचा ओठ हलला. मग तो असा हसला की शेजारच्या झोपड्यांतली माणसं बाहेर आली, आणि हसता हसता मधेच तो रडला, आणि आईने पिठाच्या हाताने त्याचं डोकं पोटाशी धरलं.

बेश्कोनची नडगी वाकडी जुळली. पळणं संपलं. त्याने पोरांची तालीम भाच्याकडे दिली. "मला जमेल का?" हास्केदेने विचारलं. "न जमायला काय झालं? सगळ्यांत जास्त वेळा तूच पळालायस," मामा म्हणाला.

हास्केदेने तालमीत स्वतःची एक भर घातली. पोरं तोंडात पाणी घेऊन निघाली की तो आडवाटेने आधीच अर्ध्या चढावर जाऊन बसायचा आणि पोरं जवळ आली की त्यांना हसवायचा. कधी टर्की कोंबडा व्हायचा, कधी मक्याची दारू प्यायलेला म्होरक्या. पाणी उडालं की पोर माघारी. काही बापांना हे रुचलं नाही. एक जण बेश्कोनकडे तक्रार घेऊन आला, "तुझा भाचा पोरांना लढायला शिकवतोय की सोंगं दाखवतोय?"

बेश्कोन काठी टेकून उभा होता. म्हणाला, "घाबरलेलं पोर दटावलं की गप्प बसतं. हसू दटावून बसत नाही. ते दाबायला शिकलेलं पोर काहीही दाबेल. आणि तुझं पोर काल किती वेळा पळालं ते विचार त्याला."

याच चढावर त्याला बायको भेटली. इल्तेस्बा टोपलीभर ओकची फळं वेचून खाली येत होती. हास्केदेचं सोंग तिने पूर्ण पाहिलं, टोपली सावरली आणि म्हणाली, "हा टर्की मागच्या वर्षीपण असाच होता. नवीन काहीतरी कर." त्याने तिच्यासाठी नवीन काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. पुढच्या हिवाळ्यात तो तिच्या माणसांत राहायला गेला. जावयाने सासूच्या नजरेला पडायचं नसतं. हास्केदेची सासू मात्र झोपडीआड उभी राहून त्याच्या गोष्टी ऐकायची आणि हसू आलं की खोकायची. "आईला खोकला फार झालाय," इल्तेस्बा म्हणायची. "तुझ्या गोष्टी आखूड कर."

त्यांना दोन मुली झाल्या. हास्केदेने त्यांनाही पहाटे पळवलं. खोऱ्यातली सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. त्याने स्वतः लढायाही केल्या, काहींत माणसं गमावली. नोल्गे त्यांतल्याच एका लढाईत गेला. त्याच्याबद्दल हास्केदे कधी बोलला नाही, पण नंतर कित्येक दिवस तो चढावर सोंग करायला गेला नाही. नुसता खाली उभा राहून पोरांची वाट बघायचा.

मग गोऱ्यांची फौज आली. बेश्कोन ते बघायला राहिला नाही, बरंच झालं. डोंगरातल्या माणसांना खाली, तापलेल्या नदीकाठच्या छावणीत आणून बसवलं. तिथे सावली नव्हती, पाणी कोमट, डास ढगासारखे. रोज हजेरी. पोरांना कोण कशासाठी पळवणार? तरी हास्केदे पळवायचा. फौजेने न्दे लोकांतलीच काही तरणी माणसं माग काढायला नोकरीला घेतली होती. त्यांत दाक्लाय होता, हास्केदेच्या हाताखालून गेलेला. उलटा पडलेला एक खडा बघून काल कोण गेलं ते सांगणारा.

तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात इल्तेस्बाला ताप धरला. एक दिवस जायचा, परत यायचा. गोऱ्या डॉक्टरची कडू पूड तिने घेतली, थुंकली, परत घेतली. ती हाडांची मोळी झाली. एका सकाळी म्हणाली, "मला वरचं पाणी पाहिजे. आपल्या झऱ्याचं. इथे मेले तर ही माती तोंडात जाईल माझ्या."

हास्केदेने दुभाष्याला घेऊन छावणीचा कारभार बघणाऱ्या गोऱ्या एजंटाकडे परवानगी मागितली. एजंट म्हणाला, नाही. एकाला सोडलं तर सगळे जातील. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबरही असेल. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर हास्केदेने बायकोला पाठीवर घेतलं आणि तो चालू लागला.

दगडावरून दगडावर, ओढ्याच्या पाण्यातून. केस पांढरे झाले होते, तरी पोटऱ्या त्याच होत्या. पण इल्तेस्बाला पाठीवर बसून राहवेना. "मी काय मक्याचं पोतं आहे? उतरव." थोडं चालायची, बसायची. त्यामुळे वेळ गेला. दुपारी मागे घोड्यांच्या टापा ऐकू आल्या तेव्हा ते एका उघड्या गवताळ उतारावर होते.

हास्केदेने चर शोधली, तिला निजवलं, माती आणि गवत ओढलं, शेजारी पडला. तापाने तिचं अंग तव्यासारखं होतं. मातीतूनही त्याला ते कळत होतं.

एक अधिकारी, थोडे शिपाई, आणि पुढे पायी चालणारा दाक्लाय. तो सरळ त्यांच्याकडे आला. एकदाही थांबला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही, जणू त्याला बोलावलं होतं. हास्केदेच्या हाताशी येऊन तो उकिडवा बसला आणि बुटाचा बंद आवळायला लागला. मग जमिनीकडे बघून मोठ्याने, पाढा म्हटल्यासारखं बोलू लागला. शिपायांना न्दे बोली कळत नव्हती; त्यांना वाटलं, हा मागाला काही मंत्र घालतोय.

"मामा, इथे लाल मुंग्यांचं वारूळ आहे. जागा बघून लपा असं तुम्हीच सांगायचात. पश्चिमेच्या घळीने जाऊ नका, तिथे आमचा तळ आहे. वरच्या कड्याने जा. मामी, पाय आत घ्या, अंगठा दिसतोय."

गवताखाली एक अंगठा नाहीसा झाला.

"काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

दाक्लाय उभा राहिला. "हरीण," तो गोऱ्यांच्या भाषेतल्या, छावणीत सगळ्यांच्याच कानांवर पडलेल्या चार मोडक्या शब्दांत म्हणाला. "म्हातारं. मादी सोबत. तिकडे गेलं." आणि त्याने ओढ्याच्या खालच्या अंगाला बोट केलं. जाताना त्याची वाळवलेल्या मांसाची पिशवी कमरेवरून सुटून पडली. इतक्या चांगल्या माग काढणाऱ्याला ती पडलेली कळली नाही.

टापा लांब गेल्यावर इल्तेस्बा म्हणाली, "मादी म्हणाला होय रे मला?"

"म्हातारं मला म्हणाला. ते ऐकलं नाहीस?"

"ते खरंच आहे."

वर झऱ्याकाठी पाइनच्या फांद्यांची झोपडी झाली. पाणी दातांना झिणझिण्या आणणारं. रानपुदिना, सशाचं मांस, थंड वारा. पहिले काही दिवस ती शुद्धीत नव्हती, आणि हास्केदे तिच्याशी सतत बोलत होता, कारण गप्प बसलं की भीती वाटायची. मग ताप यायचे दिवस विरळ झाले. एके दिवशी तो परतला तर ती झोपडीबाहेर बसून केस धूत होती. ओकची फळं पिकेपर्यंत ते राहिले. टोपली भरली तेव्हा तीच म्हणाली, "चल, खाली जाऊ. पोरी काळजी करत असतील."

कोणी पकडून आणायच्या आत ते स्वतःच छावणीत चालत आले. एजंटाने हास्केदेला कोठडीत टाकलं. इल्तेस्बा रोज कोठडीच्या दाराशी जाऊन फळं फोडत बसायची आणि आतल्या माणसाशी मोठ्याने गप्पा मारायची. पहारेकरी वैतागले. थोड्याच दिवसांत त्याला सोडून दिलं.

बाहेर आल्यावर शिधा घ्यायच्या रांगेत दाक्लाय भेटला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मामा, रागावणार नसाल तर एक सांगतो. ओढ्यापाशी तुमच्या टाचेचा ठसा होता. चांगला खोल. आमच्या वेळी असं केलं असतं तर तुम्ही डोंगरावर पाठवलं असतंत."

"पाठीवर ओझं होतं माझ्या," हास्केदे म्हणाला.

"ओझं?" इल्तेस्बा मागून म्हणाली. "तो ठसा माझा आहे. मी मुद्दाम ठेवला होता. म्हटलं, बघू तरी या पोराला काही शिकवलंय की नाही याने."

दाक्लायने मान खाली घातली. "शिकवलंय, मामी."

पुढच्या वसंतात डोंगरातल्या माणसांना परत वर आपल्या जागी जायची मोकळीक मिळाली. काळ्या नदीच्या खोऱ्यात झोपड्या उभ्या राहिल्या. दाक्लाय नोकरी सोडून आला आणि त्याने हास्केदेच्या झोपडीसाठी खांब तोडून आणले. इल्तेस्बाने ते एकेक हातात घेऊन पाहिले, दोन बाजूला काढले आणि सांगितलं, "हे वाकडे आहेत. दुसरे आण. आणि येताना पाणी घेऊन ये, मका लावायचाय."